विश्लेषण : स्फटिकातली रिकामी जागा कशी दिसते? साखरपट्ट्यातील बायोगॅसशी तिचा संबंध काय?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की चर्चा होते ती दराची, साखर उताऱ्याची आणि इथेनॉलची. मागे उरणाऱ्या वायूंकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सातारा जिल्ह्यातील भुईंज, शेंद्रे, रेठरे बुद्रुक आणि सांगली जिल्ह्यातील साखराळे, कुंडल, चिखली अशा गावांनी ओळखल्या जाणाऱ्या या साखरपट्ट्यात प्रेसमड आणि आसवनीतून निघणारा स्पेंटवॉश यांची कमतरता नाही. त्यांच्यापासून बायोगॅस तयार होतो. मात्र तो गाडीत भरण्यायोग्य करायचा तर त्यातला कार्बन डायऑक्साइड बाजूला काढावा लागतो. हे काम करू शकणाऱ्या सच्छिद्र स्फटिकांच्या शोधाला 2025चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या स्फटिकांमधली वायू पकडणारी जागा खरोखर मोकळी आहे की आधीच भरलेली आहे, हे ओळखण्याचे एक भरवशाचे साधन म्हणजे अवरक्त किरण.

बायोगॅस शुद्ध का करावा लागतो?

बायोगॅसमध्ये साधारण निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो. उरलेला मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा. त्याशिवाय हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू आणि पाण्याची वाफही त्यात असते. जळतो तो मिथेन. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, टाकीत नुसती जागा अडवतो. म्हणूनच बायोगॅसविषयीच्या भारतीय मानकात इंधन म्हणून विकायच्या वायूत किमान 90 टक्के मिथेन असावा, अशी अट आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सतत’ योजना सुरू केली आणि कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणजे सीबीजी हा शब्द साखर कारखान्यांच्या सभांमध्येही ऐकू येऊ लागला.

शुद्धीकरणाच्या काही पद्धती रुळलेल्या आहेत. वायू दाबाखाली पाण्याने धुतला जातो, विशिष्ट पडद्यातून गाळला जातो किंवा दाब वाढवून-घटवून शोषक पदार्थातून नेला जातो. या शेवटच्या पद्धतीला पीएसए म्हणतात. तिच्यात शोषकाने कार्बन डायऑक्साइड धरायचा, मिथेन पुढे जाऊ द्यायचा आणि दाब उतरला की धरलेला वायू सोडून पुन्हा कामाला तयार व्हायचे. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे शोषकाला हजारो वेळा करावी लागतात. प्रकल्पाचा वीजखर्च आणि वाया जाणारा मिथेन बऱ्याच अंशी या शोषकाच्या गुणावर ठरतो.

नोबेल मिळालेली ही स्फटिके आहेत तरी कशी?

त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एमओएफ’ म्हणतात. मराठीत धातू-सेंद्रिय सांगाडे म्हणता येईल. मांडवाच्या बांबूंसारखे सेंद्रिय रेणू आणि त्यांना सांध्यावर बांधून ठेवणारे धातूचे अणू, अशी त्यांची रचना असते. मधे राहतात त्या पोकळ्या. ऑस्ट्रेलियात काम करणारे रिचर्ड रॉबसन यांनी 1989 मध्ये तांब्याचा वापर करून अशी रचना मांडून दाखवली. जपानचे सुसुमू कितागावा यांनी 1997 मध्ये अशा सांगाड्यांतून वायू आत-बाहेर करू शकतात, हे दाखवले. जॉर्डनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले ओमर याघी यांनी 1999 मध्ये ‘एमओएफ-5’ हा टिकाऊ सांगाडा पुढे आणला. या तिघांना 2025चे नोबेल विभागून देण्यात आले.

त्याच 1999 सालात हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तांब्याचा एक सांगाडा तयार झाला. विद्यापीठाच्या नावावरून त्याला ‘एचकेयूएसटी-1’ म्हणतात. आज चांगल्या प्रतीच्या एचकेयूएसटी-1च्या एका ग्रॅम भुकटीतील आतली सगळी पृष्ठे उलगडली, तर ती साधारण पंधरा ते वीस गुंठे भरतात. पहिल्या शोधनिबंधात मात्र हे माप ग्रॅममागे 692 चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांच्याही आत होते. पदार्थ तोच होता. तो शुद्ध करण्याचे आणि आतून रिकामा करण्याचे तंत्र पुढे सुधारत गेले. रिकामे करणे किती महत्त्वाचे, हे या एका आकड्यावरून कळते.

‘सक्रिय जागा’ म्हणजे काय?

तासगाव किंवा खटाव-माण भागातील द्राक्ष बागायतदाराला मोरचूद नवे नाही. चुन्याच्या निवळीत मिसळून त्याचे बोर्डो मिश्रण होते. निळा मोरचुदाचा खडा लोखंडी पळीत तापवला तर तो हळूहळू पांढरा पडतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा होतो. मोरचुदात तांब्याला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. तापवल्यावर ते निघून जातात आणि तांबे जणू उघडे पडते. पाणी मिळताच ते पुन्हा धरते.

एचकेयूएसटी-1 मध्येही असेच घडते. त्याच्या प्रत्येक सांध्यावर तांब्याचे दोन अणू समोरासमोर असतात. चार बाजूंनी सेंद्रिय रेणूंचे हात त्यांना धरून ठेवतात आणि दोन्ही टोकांना पाण्याचा एकेक रेणू बसलेला असतो. निर्वातात हलके तापवले की हे पाणी निघून जाते. फिरोजी रंगाची भुकटी गडद निळी-जांभळी होते, पण सांगाडा कोसळत नाही. तांब्याचे एक टोक मात्र मोकळे राहते. ही झाली रिकामी धातूजागा. ती धनभारित असल्याने ऋण बाजू असलेल्या रेणूला ओढून घेते. कार्बन डायऑक्साइडच्या दोन्ही टोकांना ऑक्सिजन असतो आणि त्यावर थोडा ऋणभार असतो. त्यामुळे तो तेथे बसतो. मिथेनला असे ऋण टोक नसल्याने त्याची पकड सैल राहते. दोन वायू वेगळे करण्यामागचे तत्त्व हेच आहे.

रंग बदलला म्हणजे पाणी गेले, असे ढोबळमानाने म्हणता येते. पण शंभरातल्या किती जागा मोकळ्या झाल्या? त्यांतल्या काही बिघडल्या का? हे रंगावरून कळत नाही. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना समजते, पण ती लाखो सांध्यांची सरासरी असते. शंभरात दोन-चार सांधे वेगळे असतील तर ते त्या सरासरीत बुडून जातात. रासायनिक अभिक्रियेत तर अनेकदा हेच वेगळे सांधे काम करत असतात.

अवरक्त किरण नेमके काय दाखवतात?

विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला. तेच अवरक्त किरण. टीव्हीच्या रिमोटमधूनही त्यांचाच एक प्रकार निघतो.

रेणूशी त्यांचे नाते समजून घ्यायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. तार सैल केली की उतरतो. तार जाड आणि जड असेल तर सूर खाली राहतो. दोन अणूंमधला बंधही अशीच तार समजा. बंध घट्ट असेल तर कंपने जलद होतात. अणू जड असतील तर ती मंदावतात. रेणूवर अवरक्त किरण सोडले की तो नेमका आपल्या सुराचा किरण शोषून घेतो आणि बाकीचे जाऊ देतो. पलीकडे पोहोचलेल्या किरणांत कोणता सूर गायब आहे, हे पाहिले की रेणूची ओळख पटते.

हा सूर ‘तरंगसंख्येत’ मोजतात. एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात, तो आकडा म्हणजे तरंगसंख्या. मोकळ्या कार्बन डायऑक्साइडचा एक ठळक सूर 2349ला लागतो, तर कार्बन मोनॉक्साइडचा 2143ला. मिथेनचा एक सूर 3000च्या थोडा वर आहे. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन मात्र अवरक्त किरणांना जवळजवळ दिसतच नाहीत, कारण त्यांच्या कंपनात विद्युतभाराचे पारडे हलत नाही. बायोगॅस प्रकल्पात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी अनेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

रिकामी जागा ओळखायला ‘हेर’ का लागतो?

रिकाम्या जागेला स्वतःचा सूर नसतो. म्हणून तेथे एखादा ओळखीचा रेणू पाठवायचा आणि त्याचा सूर किती सरकला ते पाहायचे. या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा हेर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तो लहान असल्याने अरुंद पोकळीतही शिरतो आणि त्याचा सूर ठळक असतो. वायू विषारी असल्याने प्रयोग बंदिस्त यंत्रणेतच होतो. त्याची पकड हलकी असते, म्हणून नमुना अनेकदा द्रव नायट्रोजनने उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला जातो.

एचकेयूएसटी-1च्या नीट रिकाम्या केलेल्या नमुन्यात हा हेर गेला की त्याचा सूर 2143 वरून 2170 ते 2180च्या दरम्यान चढतो. तांब्यावर दोन धनभार असतील तर ते रेणूचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते आणि कार्बन-ऑक्सिजनची तार घट्ट होते. पण त्याच वर्णपटात कधी कधी 2120च्या जवळ आणखी एक छोटे शिखर दिसते. ते एकच धनभार असलेल्या तांब्याचे. असे तांबे हेराला उलट थोडे इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे तार सैल होते आणि सूर उतरतो. याचा अर्थ काही सांधे बिघडले आहेत किंवा तापवताना त्यांचे रूप बदलले आहे. रंगाने आणि क्ष-किरणांनी जे सांगितले नाही, ते या दोन शिखरांनी सांगितले.

शिखर हेराचेच आहे, सांगाड्याचे नाही, याची खात्री कशी करायची? त्यासाठी जड कार्बनचा वापर होतो. कार्बन-12च्या जागी कार्बन-13 असलेला कार्बन मोनॉक्साइड घेतला की त्याचा मोकळा सूर 2143 वरून 2096 पर्यंत उतरतो. जाड तारेचा नियम इथेही लागू होतो. संशयित शिखर याच प्रमाणात खाली सरकले तर ते हेराचेच, जागचे हलले नाही तर दुसऱ्या कुणाचे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती पाण्याची. रिकामी धातूजागा कार्बन डायऑक्साइडला ओढते, पण पाण्याला त्याहून जोरात ओढते. कोरड्या वायूत उत्तम आकडे देणारे अनेक सांगाडे दमट वायूत मागे पडतात. मॅग्नेशियमचा ‘एमओएफ-74’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. कोरड्या हवेत तो कार्बन डायऑक्साइड भरपूर धरतो, ओलावा लागला की त्याची क्षमता झपाट्याने घटते. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील ईव्ह शाबाल यांच्या गटाने एमओएफ-74 वर्गातील सांगाड्यांमध्ये ही जागांची ओढाताण अवरक्त किरणांनी पाहिली. सांगाड्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग पाण्याची वाफ सोडायची आणि कोणता सूर मावळतो, कोणता उमटतो हे टिपायचे. कार्बन डायऑक्साइडचे शिखर बसत गेले, पाण्याचे उठत गेले. म्हणजे खुर्चीवर बसलेल्याला पाण्याने उठवले.

बायोगॅस पाचकातून बाहेर पडतो तोच ओला. त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो आणि तांब्याच्या सांगाड्यासाठी तो घातक आहे. गंधक तांब्याला धरून कॉपर सल्फाइड बनवते आणि सांगाडाच मोडतो. त्यामुळे गंधक आणि ओलावा काढल्याशिवाय अशा शोषकाकडे वायू नेणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे.

दुसरी अडचण सोडण्याची. शोषकाने वायू फार घट्ट धरला, तर सोडवायला अधिक उष्णता किंवा अधिक निर्वात लागतो. म्हणजे खर्च वाढतो. जागा जितकी सक्रिय तितकी चांगली, हा समज इथे उपयोगाचा नाही.

यावर उपाय सापडला आहे का?

एक दिशा सापडली आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने ‘काल्फ-20’ नावाचा जस्ताचा सांगाडा तयार केला. 2021 मध्ये त्याविषयीचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गंमत अशी, की त्यात धातूची रिकामी जागा नाही. जस्ताचे सगळे हात आधीच गुंतलेले आहेत. कार्बन डायऑक्साइड नेमक्या मापाच्या पोकळीत सर्व बाजूंच्या हलक्या ओढीने सामावतो. त्यामुळे मध्यम ओलाव्यातही तो आपले काम चालू ठेवतो आणि वाफेने पुन्हा मोकळा करता येतो. सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याची चाचणी झाली आहे.

काल्फ-20चे यश आणि एमओएफ-74ची घसरण यांतून एकच धडा मिळतो. वायू कुठे बसतो, किती घट्ट बसतो आणि त्याला कोण उठवते, हे कळल्याशिवाय नुसत्या ‘ग्रॅममागे किती धरला’ या आकड्याला फारसा अर्थ नाही.

स्थानिक महाविद्यालयांना यात काय करता येईल?

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले. पुण्यात आयसरमध्ये अशा सच्छिद्र सांगाड्यांवर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सच्छिद्र उत्प्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. वर्णपट मोजणारे एफटीआयआर यंत्र आता रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. प्रश्न ते कसे वापरतो याचा आहे.

नेहमीच्या पद्धतीत भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून तिची टिकली दाबतात. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात तर विचारूच नका. अशा टिकलीच्या आलेखात 1300 ते 1700च्या दरम्यान सेंद्रिय हात धातूला जोडले गेल्याच्या खुणा मिळतात आणि 3400च्या आसपास पाण्याचा रुंद उंचवटा दिसतो. त्यावरून सांगाडा तयार झाला, एवढे म्हणता येते. त्यात सक्रिय जागा मोकळ्या आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. टिकली दाबेपर्यंत त्या जागांवर पाणी येऊन बसलेले असते.

मोकळी जागा पाहायची तर नमुना यंत्रातच तापवता येईल, निर्वातात ठेवता येईल आणि मोजून वायू सोडता येईल असा कक्ष हवा. तो नसेल तरी साधा पण प्रामाणिक प्रयोग शक्य आहे. नमुना कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहात तापवत 3400 आणि 1600 जवळच्या पाण्याच्या खुणा ओसरतात का, हे पाहायचे. मग तोच नमुना दमट हवेत ठेवून त्या किती वेळात परत येतात, याची नोंद ठेवायची. आपल्या हवेत शोषक किती काळ कोरडा राहतो, हे त्यातून कळेल.

कारखान्याने कोणते प्रश्न विचारावेत?

इथेनॉलच्या आंबवणीत 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आसवनीत जेवढे इथेनॉल, जवळपास तेवढ्याच वजनाचा हा वायू. बायोगॅसमधला वेगळाच. तो पकडण्यासाठी उद्या नवे शोषक घेऊन विक्रेते दारात येतील, तेव्हा संचालकांनी आणि सभासदांनी माहितीपत्रकातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर थांबू नये. चाचणी कोरड्या वायूवर झाली की पाचकातून निघालेल्या ओल्या वायूवर? गंधक किती होते? हजार वेळा धरून-सोडून झाल्यावर क्षमता किती उरली? पुन्हा मोकळे करायला वाफ किती लागते? आणि जागा मोकळ्या आहेत याचा पुरावा काय, नुसता रंग की वर्णपट?

तानपुरा विकत घेताना जाणकार माणूस भोपळ्याची चकाकी पाहून पैसे मोजत नाही. तो तार छेडतो आणि कान लावतो. सच्छिद्र स्फटिकाच्या बाबतीत तार छेडण्याचे काम अवरक्त किरण करतात. ऐकण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.